हे भूत कुणाचं?

बेळगावजवळच्या सांबऱ्यात, मुतग्यात, बाळेकुंद्रीत किंवा तिकडे निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात कुणी सांगितलं की रात्री पांदीत काहीतरी दिसलं, तर ऐकणारा ‘खरंच दिसलं काय?’ असं आधी विचारत नाही. तो विचारतो, ‘कुणाचं गा?’ विहिरीवरचं कुणाचं, चिंचेखालचं कुणाचं, पडक्या वाड्यातलं कुणाचं. एखादीला ‘धरलं’ म्हणून बोलावलेला देवर्षीही तिच्यासमोर बसून तेच विचारतो. तू कोण, कुठलं, तुझं काय राहिलंय? तिसऱ्या प्रश्नापाशी घरातली माणसं खाली बघू लागतात, कारण उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं.

भयकथा आणि भयपट यांच्याबद्दल मला जे सांगायचं आहे ते या तीन प्रश्नांत आहे. आपल्या मुलखातलं भूत बेवारस नसतं. त्याला गाव असतं, नातं असतं, जात असते आणि कुणीतरी त्याचं काहीतरी बुडवलेलं असतं. भीतीची गोष्ट ऐकताना जो हे विचारत राहतो त्याला ती जास्त घाबरवते, जास्त रंगते आणि गावात दिवसाउजेडी कुणी बोलत नाही ते सांगून जाते. हे एकदम पटणार नाही, म्हणून सावकाश बघू.

आधी भुतांची नावं घेऊ. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेलेली बाई ती अलवंतीण. संसारात जीव अडकलेली सवाष्ण गेली की जखीण. पुरलेल्या धनात वासना ठेवून मेलेला तो समंध. परधर्मीयाचं भूत ते खवीस. ही नावं आजीच्या तोंडी होतीच, पण ती कागदावर आली त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन यानं मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती जमवायला घेतल्या होत्या, आणि प्रश्नावलीची उत्तरं लिहून पाठवली ती खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांनी. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या वेळी तो नाशिकच्या नाट्यगृहात देवलांच्या ‘शारदा’च्या प्रयोगाला आला होता. पुढे ती टिपणं एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्यानं हाती घेतली आणि १९२४ साली मुंबई इलाख्याच्या लोकविद्येचं त्याचं पुस्तक आलं. ‘शारदा’ हे म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं नाटक. अशा मुलींचं पुढे काय व्हायचं, हे त्या मास्तरांच्या टिपणांतल्या भुतांच्या नावांवरून बरंचसं कळतं.

या यादीत कोण नाही तेही बघायला हवं. नातवंडं-पतवंडं बघून, स्वतःच्या अंथरुणावर, सगळे जवळ असताना गेलेला आजोबा भूत होत नाही. तो पितर होतो, त्याला पान वाढलं जातं. भूत होतं ते अर्ध्यावर तुटलेल्या आयुष्याचं.

अपवाद चकव्याचा. रात्री रानात वाट चुकवून माणसाला त्याच त्या बांधावर फिरवणारा चकवा कुणाचा नसतो. तो निव्वळ अंधार. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ साली, महायुद्धाच्या गडबडीत झाली. आज रात्रीच्या विमानाला उजेड दाखवणाऱ्या तिथल्या दिव्यांमुळे दिशा कळते, आणि आसपासच्या शेतांत चकवा लागल्याचं आता कुणी सांगत नाही. दिवे आले आणि चकवा गेला. पण मुंजा, जखीण, अलवंतीण दिव्यांनी गेल्या नाहीत. ज्याला कुणी नव्हतं तेवढंच भूत विजेनं घालवलं. ज्यांचं काही येणं होतं त्यांना वेगळं काहीतरी लागणार होतं.

काय लागणार होतं, हे अलवंतिणीच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यालाच दाखवता आलं, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवायचा, तिन्हीसांजेनंतर खोलीचं दार लावायचं. ती गेलीच तर मसणवाटेवर मागं राळे टाकत जायचं, म्हणजे तिला परत येता येऊ नये. या सगळ्या तजविजी त्या बाईविरुद्ध आहेत. जी काल सून होती, नऊ महिने पोटुशी राबत होती, तिलाच गावानं शिवेबाहेर ठेवायचं. तिचं काय राहिलं हे लहान पोरालाही कळतं. तिचं मूल राहिलं. आणि ती का गेली? बहुतेकदा रक्त थांबलं नाही म्हणून. गावाला भीती वाटे, कारण आपण तिला वाचवू शकलो नाही हे गावाला आतून माहीत होतं.

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत इथल्याच जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी एक चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० बायकांपैकी निम्म्यांना, मूल झाल्याबरोबर, मिसोप्रोस्टॉल नावाची स्वस्तातली गोळी परिचारिकांनी तोंडानं दिली. उरलेल्यांना दिली ती नुसती दिसायला तशीच. गोळी न मिळालेल्यांत शंभरातल्या बारा जणींना जास्त रक्तस्राव झाला, मिळालेल्यांत साधारण सहा जणींना. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि जगभर वापरले गेले. २०१८–२० च्या सरकारी आकड्यांनुसार लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, कर्नाटकात ६९ आणि महाराष्ट्रात ३३ होते. अलवंतिणीची गोष्ट आज पोरांना पाठ नसते, याचं खरं कारण मला या आकड्यांत दिसतं. तिचं येणं थोडंफार फिटलं.

थोडंफारच, कारण ती दुसऱ्या रूपानं परत आली. २०१७ साली विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ आला. आठ महिन्यांची गरोदर नेहा नवऱ्याबरोबर शहरातून पळून उसाच्या फडातल्या एका घरात आसऱ्याला येते. ती भूमिका पूजा सावंत यांची. त्या घरची तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक, तिची इतकी काळजी घेते की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. फडात तीन लहान मुलं खेळताना दिसतात. दिग्दर्शकानं भीती अंधारात ठेवली नाही, भर उन्हात, उसात ठेवली, ही मला त्याची सगळ्यात मोठी कल्पकता वाटते. उसाच्या मुलखात वाढलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. डोक्यावर गेलेल्या उसात चार पावलं आत शिरलं की दिशा राहत नाही, वारा सुटला की पात्यांचा आवाज सगळीकडून येतो, आणि आत कुणी हाक मारली तरी बांधावरच्याला ऐकू जाईलच असं नाही. या चित्रपटातली भुतं कुणाची, तर नकोशा ठरलेल्या मुलींची आणि त्यांच्या आईची. निपाणीच्या शिवेला लागलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा. कायदा होता, यंत्रही होतं, आणि घरोघरी गप्प बसलेली माणसं होती. त्या गप्पपणाला तोंड फुटलं ते एका भयपटात. पुढे त्याच दिग्दर्शकानं २०२१ साली तो ‘छोरी’ या नावानं हिंदीत केला.

आता कुणी विचारेल, इतकी दुखरी गोष्ट आणि तिच्यात गंमत कसली? लोक पैसे देऊन घाबरायला का जातात?

भरतानं नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानकाला मानानं जागा दिली आहे. त्यावर लिहिताना काश्मीरच्या अभिनवगुप्तानं, हजारेक वर्षांपूर्वी, उदाहरण घेतलं ते भुताचं नव्हे. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून वळवून पळणाऱ्या हरणाचं. तो म्हणतो त्याचा आशय असा: हे वाचताना मला बाण लागेल म्हणून मी भीत नाही, आणि कुठल्या काळी कुठलं तरी एक हरीण भ्यालं एवढीच खबरही मला मिळत नाही. भीती माझी राहत नाही, त्याचीही राहत नाही. ती मोकळी होते, आणि मोकळी झाली की तिचा आस्वाद घेता येतो.

इथे माझ्यापुढे अडचण उभी राहते. अभिनवगुप्त म्हणतो भीती कुणाचीच नसली पाहिजे, आणि आमचं गाव तर ‘कुणाचं?’ या प्रश्नावरच अडून बसलेलं. पुष्कळ दिवस मला हे दोन्ही एकत्र बसवता येत नव्हतं. आता वाटतं की ते एकमेकांना धरूनच आहेत. देवर्षीसमोर घरच्यांची मान खाली जाते, कारण तिथे भीती त्यांची असते, अपराधही त्यांचा असतो, आणि शेजारी बघत असतात. चित्रपटगृहाच्या अंधारात किंवा लाईट गेल्यावर सोप्यात चाललेल्या गोष्टीत भीती तासा-दोन तासांपुरती कुणाचीच नसते. म्हणूनच ती मूळची कुणाची, याकडे मान वर करून बघता येतं. नेहाला घाबरलेलं बघताना बाई आपल्या जावेला आठवू शकते, आणि कुणी तिच्याकडे बघत नसतं. भयपटाची मजा आणि भयपटाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं जे मानलं जातं ते मला म्हणून मान्य नाही. मजा येते तेव्हाच अर्थाकडे बघायचा धीर येतो. आणि हे शक्यतो चार जणांत घडावं, एकमेकांना खेटून. भुताची गोष्ट एकट्यानं वाचण्यापेक्षा ऐकण्यात जास्त रंगते ती यामुळेच.

मराठीत हा धीर नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी दिला. धारपांनी स्टीफन किंगसारख्या परक्या लेखकांकडूनही घेतलं, पण त्यांच्या कथांतले वाडे, बोळ आणि माणसं इथलीच राहिली. मतकरींनी भूत दाराबाहेरून माणसाच्या मनात आणलं. सार्वजनिक वाचनालयातल्या या दोघांच्या पुस्तकांचे कोपरे दुमडलेले, बांधणी सुटलेली असते. समीक्षेनं या दोघांना बराच काळ दारातच उभं केलं, हा मराठी समीक्षेचा कमीपणा आहे.

धारपांच्या कथाविश्वातूनच पुढे ‘तुंबाड’चं बीज आलं. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे कादंबरीकार अनिल बर्वे यांचे चिरंजीव, आणि नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. चित्रपट हिंदी, पण त्यातला पाऊस, वाडा आणि हाव अस्सल मराठी. त्यातला हस्तर हा समृद्धीच्या देवतेचा पहिला मुलगा. सोन्यावर हात टाकला, धान्यावरही टाकू लागला, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईनं त्याला वाचवलं ते एका अटीवर: त्याची पूजा कधी होणार नाही. आपल्याकडे ही गोष्ट भाऊबंदकीची म्हणून लगेच ओळखू येते. हिश्शातून उठवलेला, नाव खोडलेला, तळघरात उपाशी ठेवलेला थोरला. त्याला काय पाहिजे, तर पीठ. नुसतं पीठ! आणि चित्रपटाचा नायक विनायकराव त्याला पिठाची बाहुली दाखवून त्याच्या लंगोटीतलं सोनं पळवतो, वर्षानुवर्षं, आणि पोरालाही तेच शिकवतो. तिसरा प्रश्न इथे उलटा होतो. भुताचं जे राहिलं ते एका मुठीत मावेल, आणि जिवंत माणसाचं कधीच पुरं होत नाही. २०१८ साली हा चित्रपट आला तेव्हा फार चालला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. सहा वर्षांत लोकांनी तो एकमेकांना सांगून सांगून मोठा केला, गावातली गोष्ट मोठी होते तसा.

सीमाभागातल्या माणसाला भयपटांत आणखी एक गोष्ट दिसावी असं मला फार वाटतं. १९९३ च्या ‘मणिचित्रताळ्’ या मल्याळम चित्रपटातली नागवल्ली तंजावरची, तमिळ बोलणारी नर्तकी. तीच गोष्ट २००४ साली कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ झाली, तेव्हा नागवल्ली तेलुगू बोलू लागली. २००५ साली तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ झाली, तिथेही ती तेलुगू. २००७ साली हिंदीत ‘भूलभुलैया’, आणि मंजुलिका बंगाली. प्रत्येक भाषेनं तिला आपल्या वाड्यात आणून मारलं आणि प्रत्येकीनं तिच्या तोंडी शेजाऱ्याची भाषा घातली. बायकोच्या तोंडून अचानक परकी भाषा येते, तिथे प्रेक्षक सगळ्यात जास्त दचकतो. आपण बेळगावकरांनी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून भाषेच्या नावानं काय काय सोसलं आणि काय काय केलं हे आठवलं, की त्या दचकण्याचा अर्थ कळतो. त्या नर्तकीचं काय राहिलं होतं? तिला जबरदस्तीनं आणलं होतं आणि तिचं ऐकून घेणारं त्या घरात कुणी नव्हतं. सांबऱ्याच्या एकाच आळीत मात्र मराठी घरातली अलवंतीण आणि कन्नड घरातली देव्व एकाच पिंपळाखालून जाते. निदान भुतांच्या बाबतीत आपली वाटणी झालेली नाही.

भीती नेहमी न्यायाच्या बाजूनं उभी असते असं मात्र कुणी समजू नये. उत्तर कर्नाटकात द्यामव्वाची आणि आपल्या गावांत लक्ष्मीची म्हणून एक कथा सांगतात. अस्पृश्य ठरवलेल्या घरातला एक तरुण वेद शिकतो, जात लपवून ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न करतो. खरं कळल्यावर ती मुलगी, म्हणजेच पुढची देवी, संतापानं घर पेटवते, त्याचा अंत होतो, आणि तो रेडा होऊन जन्मतो. यात्रेत देवी गदग्यावर, म्हणजे आपल्या आसनावर, बसते, शेवटी शिवेकडे निघते, झोपडी जळते. रेड्याचा बळी कायद्यानं बंद झाला तरी कथा राहिली. मी या यात्रेत मनापासून हात जोडतो, आणि तरीही विचारतो की या गोष्टीतलं भूत कुणाचं. मला ते त्या तरुणाचं वाटतं. शिकला, संसार मांडला, आणि त्यासाठी त्याला दर यात्रेला मरावं लागलं. कथा सांगणाऱ्या गावाची भीती त्यात उघडी पडते, आणि ती भीती वाईट होती. खविसाचंही तसंच. भुतांच्या यादीत गावाचे अपराध आहेत तसे गावाचे दुष्ट पूर्वग्रहही आहेत. जी भयकथा जिवंत विधवेकडे, एकट्या म्हातारीकडे किंवा खालच्या आळीकडे बोट दाखवून ‘चेटकीण’ म्हणते, ती कितीही रंगली तरी वाईट कथा.

यातूनच सगळ्यात मोठा आक्षेप येतो: भुताच्या गोष्टी अंधश्रद्धा वाढवतात. ज्या मुलखात २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकरांचा आणि ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात एम. एम. कलबुर्गींचा खून झाला, तिथे हा आक्षेप हलका धरता येत नाही. महाराष्ट्राला २०१३ साली आणि कर्नाटकाला २०१७ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो गुप्तधनापायी आणि बाधेच्या नावाखाली माणसांचे हाल होत होते म्हणून. पण भोंदू आणि कथाकार यांत मला स्पष्ट फरक दिसतो. भोंदू तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देतो, त्याचे पैसे घेतो आणि प्रश्न बंद करतो: कोंबडं द्या, नारळ फोडा, झालं. कथाकार प्रश्न उघडा ठेवून निघून जातो. घरी परतताना तो प्रश्न आपल्या डोक्यात असतो.

चांगल्या भयकथेला तर भुताचीही गरज नसते, हे दाखवणारा लेखक आपल्याच मातीतला. जी. ए. कुलकर्णी १९२३ साली निपाणीपासून फार लांब नसलेल्या एकसंब्यात जन्मले, बेळगावात शिकले आणि धारवाडात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं. ‘पिंगळावेळ’मधली त्यांची ‘स्वामी’ ही कथा मी मराठीतली सर्वांत भयंकर कथा मानतो. एक वाटसरू मठात बोलावला जातो, मान मिळतो, जमिनीखालच्या खोलीत नेला जातो, दार लागतं, आणि त्याला सांगितलं जातं की तुम्ही आता आमचे स्वामी. कुणी त्याला मारत नाही, कुणी शिवी देत नाही. वर लोक भक्तीनं नमस्कार करतात. आंधळ्या श्रद्धेविरुद्ध याहून धारदार काही मराठीत लिहिलं गेलं आहे असं मला वाटत नाही, आणि ते भयकथेच्याच वाटेनं आलं.

या गोष्टी सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या बायका, रात्रीचं पाणी पाजायला मळ्यात झोपणारे म्हातारे, बाळंतपणं केलेल्या सुईणी. शंभर वर्षांपूर्वी शाळामास्तरांनी टिपून ठेवलं त्यानंतर आपल्या भागातल्या भुतांची नीट विचारपूस झाल्याचं मला ठाऊक नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, परिसंवाद होतो, कविसंमेलन होतं, कथाकथन होतं. संमेलन भरवणाऱ्या मंडळींना माझी विनंती आहे की येत्या वेळी कथाकथनातला एक तास या माणसांना द्या. मांडवातले दिवे कमी करा. मराठी बोलणाऱ्यांबरोबर कन्नड बोलणाऱ्या आज्जींनाही व्यासपीठावर बसवा, त्यांचं बोलणं मोबाईलवर नोंदवून वाचनालयात ठेवा. आणि प्रत्येकाची गोष्ट संपल्यावर शाळेतल्या एका मुलाला किंवा मुलीला उभं करून सांगणाऱ्याला विचारायला लावा: ते भूत कुणाचं होतं, कुठलं होतं, आणि त्याचं काय राहिलं होतं?